निळ्या पाण्याचा हिशेब

(दृश्य: एप्रिलची सकाळ. तरण तलावाच्या दारात टॉवेल खांद्यावर टाकून उभी मुलं.)

परीक्षा संपल्या की गावोगावच्या तरण तलावांवर पोरांची झुंबड उडते. शिबिरं सुरू होतात, एक बॅच पाण्याबाहेर येते तोवर दुसरी दारात हजर. काठावरून पाणी निळंशार दिसतं. पण तो निळा रंग बराचसा तळाच्या फरशीचा असतो. त्यावरून पाण्याची पारख करता येत नाही.

(दृश्य: पंपघर. वाळूचा फिल्टर, पाइप, कोपऱ्यात पावडरीची पोती.)

पारख होते ती इथे, पंपघरात. तुरटी टाकली की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि वाळूच्या फिल्टरमध्ये अडकतात. फिल्टर गढूळपणा काढतो, जंतू मारायला क्लोरीन लागतं. आपल्याकडे अनेक ठिकाणी ते टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरीतून येतं. तीच पावडर, जी गावच्या विहिरीत आणि पाण्याच्या टाकीतही पडते.

किती टाकायची? 25 मीटर लांब, 10 मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात पावणेचार लाख लिटर पाणी मावतं. दर लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर 375 ग्रॅम लागेल. ताज्या टीसीएलमध्ये उपयोगी क्लोरीन जेमतेम तिसरा हिस्सा, म्हणजे पावडर एक किलोहून थोडी जास्त. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की ताकद आणखी उतरते. शिवाय पावडर थेट तलावात फेकली तर चुन्याचा साका तळाशी बसतो. म्हणून ती आधी बादलीत कालवायची, साका खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी वापरायची.

(दृश्य: भर दुपार. पाण्यावर ऊन.)

मग ऊन येतं. उघड्या तलावातलं क्लोरीन कडक उन्हात तासाभरात निम्म्याहून खाली येऊ शकतं. त्याला सावली धरायला सायन्यूरिक आम्ल वापरतात. पण ते पाण्यात साठत जातं आणि फार झालं की क्लोरीनचंच काम मंदावतं.

(दृश्य: चाचणीच्या नळीत बदलणारा रंग.)

आता या सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट. पाण्यात क्लोरीन किती आहे, एवढं मोजून भागत नाही. त्यातलं कामाचं किती, हे पाण्याचा सामू, म्हणजे पीएच ठरवतो. पाण्यात क्लोरीनची दोन रूपं असतात: जंतूंवर जोरात तुटून पडणारं हायपोक्लोरस आम्ल आणि त्याच्या तुलनेत अगदी दुबळा हायपोक्लोराइट. सामू 7.2 असेल तर जवळजवळ दोन तृतीयांश क्लोरीन पहिल्या रूपात असतं. सामू 8 वर गेला की जेमतेम पाव हिस्सा उरतो. आणि टीसीएल स्वतः सामू वाढवते! पाणी बिघडलं म्हणून पावडर ओतली, सामू चढला, क्लोरीन दुबळं झालं, पाणी पुन्हा बिघडलं, पुन्हा पावडर. पोती रिकामी होतात आणि पाणी काही सुधारत नाही. अशा वेळी हवं असतं ते सामू उतरवणारं थोडं आम्ल, बेताने, पंप चालू ठेवून.

(दृश्य: चष्मा काढून डोळे चोळणारा मुलगा.)

तलावाजवळ गेल्यावर नाकात भिनणारा तो वास सगळ्यांना माहीत आहे. "आज क्लोरीन जास्त झालंय," असं आपण सहज म्हणतो. बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी क्लोरीन जोडलं गेलं की क्लोरामाइन तयार होतात. वास त्यांचा, डोळ्यांची आगही त्यांचीच. जंतू मारायचं क्लोरीन या भानगडीत खर्ची पडलेलं असतं. व्यवस्थित राखलेल्या तलावाला फारसा वास येत नाही. पाण्यात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ करायला जीवरक्षक सांगतो, तेव्हा तो पंपघरातल्या माणसाचं अर्धं काम करत असतो. त्याचं ऐकायला हवं.

(दृश्य: हिरवं पडलेलं पाणी.)

जगाने पाहिलेलं उदाहरण द्यायचं तर रिओचं. ऑगस्ट 2016, ऑलिंपिक ऐन भरात. मारिया लेंक केंद्रातला डायव्हिंगचा तलाव पाहता पाहता हिरवा झाला. पाठोपाठ शेजारचा वॉटर पोलोचाही. आयोजकांनी नंतर सांगितलं, की कंत्राटदाराने पाण्यात 80 लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. पेरॉक्साइडही जंतुनाशकच, पण क्लोरीनशी गाठ पडली की दोघं एकमेकांना संपवतात. क्लोरीन गेलं, शेवाळाला रान मोकळं. कलात्मक जलतरणात खेळाडूंना पाण्याखाली एकमेकींना बघावं लागतं, म्हणून एका तलावातलं सुमारे 37 लाख लिटर पाणी काढून दुसरं भरावं लागलं.

(दृश्य: रसायनांची खोली. हातमोजे घालणारा कर्मचारी.)

रिओत माणसाला गंभीर इजा झाली नाही. पंपघरात होऊ शकते. टीसीएलवर आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो थेट फुप्फुसांवर जातो. टीसीएल आणि ट्रायक्लोर या दुसऱ्या क्लोरीन-रसायनाच्या गोळ्या एकत्र आल्या तर स्फोटही होऊ शकतो. म्हणून तिन्हींची मापं वेगळी, बादल्या वेगळ्या, आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी कधीच ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा आणि मास्क हा त्या माणसाचा हक्क आहे. रुमाल बांधून भागवून घेणं चालू देता कामा नये.

(दृश्य: फलकावर खडूने आकडे लिहिणारा हात.)

अनेक ठिकाणी चाचणी अजून ओटीची, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या रसायनाची. थेंब टाकले की पिवळा रंग येतो. पण त्यात क्लोरामाइनही मोजले जातात आणि आकडा फुगतो. डीपीडी या दुसऱ्या रसायनाची चाचणी मुक्त, म्हणजे घाम-लघवीशी न जोडलं गेलेलं क्लोरीन वेगळं दाखवते. दर लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन आणि 7.2 ते 7.8 सामू, हे दोन आकडे दर बॅचआधी तिकीट खिडकीशेजारी लिहिले, तर पालकांना विचारावंही लागणार नाही.

(दृश्य: बाळांचा उथळ तलाव.)

इतकं सगळं जमलं तरी एक जंतू पुरून उरतो. ई. कोलाय अशा पाण्यात मिनिटभरही टिकत नाही. जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम मात्र आठवडाभराहून जास्त जगतो. त्याच्यावर नेहमीच्या मात्रेतलं क्लोरीन चालत नाही. जुलाब झालेलं मूल घरीच ठेवायचं, आणि क्रिप्टोस्पोरिडियमचं निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे.