बॅटरी बंद करा, साहेब

(पडद्यावर पूर्ण काळोख. रातकिड्यांची किरकिर. लांबून एका गाडीची घरघर.)

मे महिना सरत आलाय. वळवाच्या दोन सरी पडून गेल्यात, मातीला अजून वास आहे. भंडारदरा धरणाच्या पाणलोटात, घाटघरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक सादडा उभा आहे. आत्ता तो तुम्हाला दिसत नाही. थोडं थांबा.

(झाडावर पहिला ठिपका. मग दहा. मग सगळं झाड.)

बुंध्यापासून शेंड्यापर्यंत झाड एकदम उजळतं आणि एकदम विझतं. पुन्हा उजळतं. हजारो काजवे एका लयीत, कुणी ताल धरल्यासारखे. बघणाऱ्यांपैकी कुणी बोलत नाही. बोलावंसं वाटतच नाही.

आणि वळणावरून ती गाडी येते. हेडलाईट थेट झाडावर. आता पानं दिसतात, फांद्या दिसतात, रस्त्यावरची धूळ दिसते. काजवे दिसत नाहीत.

कडेला उभा असलेला गावातला एक पोरगा हात हलवत पुढे धावतो. "साहेब, लाईट बंद करा. बॅटरी बंद करा, साहेब!"

हा माहितीपट आम्ही त्या पोराच्या बाजूने केला आहे.

(सकाळ. धरणाचं पाणी, मागे डोंगररांग.)

हा अकोले तालुका, जिल्हा अहिल्यानगर. प्रवरा नदीवरचं हे धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं झालं. आजूबाजूचं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं, १९८६ पासून. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी ही गावं याच परिसरातली. बहुतेक वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. भात, नागली, वरई ही इथली पिकं. पाऊस इतका, की पावसाळ्यात समोरचा डोंगर दिवसेंदिवस दिसत नाही. आणि पावसाआधीचे हे दोन-तीन आठवडे काजव्यांचे.

याच आठवड्यांत धरणाच्या काठाला टेंट लागतात. मुंबईहून कसारा घाट चढून घोटीमार्गे, पुण्याहून संगमनेर-अकोल्यावरून, शनिवारी दुपारपासून गाड्यांची रांग लागते. माणसं हौसेनं येतात. लहान मुलांना घेऊन येतात, म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येतात. काजवा या मुलांनी आजवर फक्त पुस्तकात पाहिलेला असतो. त्यांनी यावं असंच आम्हाला वाटतं. फक्त येताना एक गोष्ट कळलेली असावी: इथे राखायचा आहे तो अंधार.

(जवळून: तळहाताएवढ्या पानावर एकच काजवा. पोटाच्या टोकाशी हिरवट-पिवळा उजेड.)

हा उजेड म्हणजे काजव्याचं बोलणं. पोटातलं ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ऑक्सिजनशी संयोग पावतं, त्यातून प्रकाश निघतो आणि उष्णता जवळजवळ निघतच नाही. म्हणून हा उजेड हाताला गार लागतो. नर उजेडाने मादीला खूण करतो, मादी उजेडानेच उत्तर देते. त्या उत्तरावर पुढच्या वर्षीचे काजवे अवलंबून असतात.

काजव्याचं आयुष्य बहुतेक सगळं अळीच्या रूपात जातं. पाचोळ्याखाली, ओल्या मातीत, कुजक्या लाकडाखाली, कित्येक महिने. अळी गोगलगायी खाते. पंख फुटलेला काजवा जगतो दोन-तीन आठवडे, आणि त्याला जोडीदार शोधायचा असतो तो रात्रीच्या मोजक्या तासांत. त्यात अर्धा तास कुणी झाडावर बॅटरी मारत बसलं, तर त्या झाडावरचा अर्धा तास वाया गेला. तुमच्या आमच्या सुट्टीतला अर्धा तास आणि काजव्याच्या आयुष्यातला अर्धा तास यांत फार अंतर आहे.

नुकसान माणसांचंही होतं. अंधाराला सरावायला आपल्या डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. एका फ्लॅशने शेजारी उभ्या असलेल्या पन्नास जणांचे डोळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

(पायवाट. गवतातून जाणारे बूट.)

पहिल्यांदा आलो तेव्हा मीही कपाळावर हेडलॅम्प लावून आलो होतो. नाक्यावर सांगितलेलं ऐकलं होतं, पण फोटो हवा होता. रस्ता सोडून गवतात उतरलो. मागून एका म्हाताऱ्या आजींचा आवाज आला. "बाळा, खाली पण असत्यात ते. पाय नको टाकू."

खाली वाकून पाहिलं. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर, गवताच्या काडीवर, एक बारीकसा उजेड स्थिर जळत होता. काजव्याच्या अनेक जातींत मादीला उडता येत नाही, काहींत तर तिला पंखच नसतात. ती गवतात, मातीलगत बसून खूण करते. मी आणखी किती पावलं तशी टाकली होती, ते मला माहीत नाही. त्या रात्रीनंतर मी झाडाजवळ गेलो नाही. रस्त्यावरूनच पाहिलं, आणि रस्त्यावरूनच ते सगळ्यात सुंदर दिसतं.

(शेंडीचा चेकनाका. रांगेतल्या गाड्या, खाकी गणवेशातला वनरक्षक.)

इथे गाडीची नोंद होते, शुल्काची पावती फाटते, दारूच्या बाटल्या तपासल्या जातात. सांगितलं जातं: गाणी लावू नका, झाडाखाली गाडी लावू नका, काजवे पकडू नका. हे कुणाच्या मर्जीतून आलेलं नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्यात कचरा टाकायला आणि प्राण्यांना छेडायला मनाई करतो, रानाला धोका होईल अशी आग पेटवायलाही मनाई करतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर वाजवू देत नाहीत.

पण नाक्यानंतर रस्ता सगळा काळोखाचा. वनरक्षक मोजके, गाड्यांची गणती नाही. मग नियम पाळून घ्यायची वेळ येते ती गावावर. वन समितीची पोरं झाडापाशी उभी राहतात, गाड्या लांब लावायला सांगतात, लोकांना रस्त्यावरच थांबवतात.

आणि इथे एक अवघड गाठ आहे. टेंट याच पोरांचे असतात. पिठलं, भाकरी आणि ठेचा यांच्याच घरून येतो. वर्षात नगद पैसा हातात येतो तो याच तीन आठवड्यांत. ज्याला संध्याकाळी "या साहेब, बसा" म्हणून पाणी दिलं, त्यालाच रात्री अकरा वाजता जाऊन सांगायचं की स्पीकर बंद करा. समोर पंधरा जण, बहुतेक वयाने मोठे. "पैसे भरलेत आम्ही" हे उत्तर ठरलेलं. पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा. तरी तो जातो आणि हात जोडून सांगतो. दोनदा सांगतो. आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्याला हात जोडावे लागतात याची आम्हाला लाज वाटली.

एका कॅम्पवाल्याची जाहिरात आमच्या पाहण्यात आली होती. एकाच ओळीत डीजे नाईट, कॅम्पफायर, बार्बेक्यू आणि काजवे. या चार गोष्टी एकत्र विकताच येत नाहीत. पहिल्या तीन जिथे असतील तिथे चौथी नसते. बुकिंग करतानाच विचारा: दिवे किती वाजता बंद होतात? गाणी असतात का? कॅम्पवाला "काही बंधन नाही" म्हणाला, तर दुसरा शोधा. नियम पाळून घेणाऱ्या गावकऱ्याला चार पैसे मिळाले, तर त्या पोराचा आवाजही जरा चढेल.

(संध्याकाळ. टेंटची दोरी ताणणारे हात.)

उजेड असतानाच पोहोचा. ट्रॅफिकमध्ये अडकून रात्री एक वाजता आलेली गाडी हेडलाईट लावून टेंटच्या रांगेत शिरते, दारं धाडधाड लावते, आणि अख्खा कॅम्प उठून बसतो. टेंटची भिंत कापडाची असते. तुमची कुजबुज शेजारच्याला नीट ऐकू जाते.

बॅटरी लागतेच. संडासला जायचं असतं, वाटेत साप-विंचू असू शकतो. तिच्या काचेवर लाल जिलेटीन कागद रबराने बांधा आणि झोत पायाशी ठेवा. लाल उजेडाचा काजव्यांना त्रास कमी होतो, आपल्याही डोळ्यांचा सराव मोडत नाही. डासांसाठी अंगाला मलम चालेल, झाडाखाली फवारे मारू नका. डासाला मारणारं औषध काजव्यालाही मारतं.

शेकोटी हवीच असेल तर कॅम्पवाल्याने घमेल्यात पेटवलेल्या कोळशावर भागवा. रानातली पडलेली लाकडं गोळा करू नका. वाळलेलं ओंडकं फुकटचं जळण वाटतं, पण त्याच्या खालची ओल हे अळ्यांचं घर आहे.

(पहाट. रिकामा काठ. जमिनीवर काचेचा तुकडा, थर्माकोलची ताटली, विझलेला कोळसा.)

या जागेकडे नीट पाहा. मे-जूनमध्ये धरण खाली गेलेलं असतं आणि काठाची उघडी पडलेली जमीन टेंटसाठी सोयीची वाटते. ही जमीन धरणाच्या पोटातली आहे. इथे राहिलेली बाटली उचलली नाही, तर पाऊस तिला उचलतो. भंडारदऱ्यातून पाणी निळवंड्याला जातं, तिथून अकोले, संगमनेर आणि पुढे प्रवरासंगमला गोदावरीत. वाटेवरची गावं हेच पाणी पितात.

आजी सकाळी पोतं घेऊन काठाने फिरतात. कुणी सांगितलेलं नाही. काच आधी उचलतात, कारण दुपारी इथे गुरं पाण्यावर येतात.

(ढग. पहिली मोठी सर. आवाज वाढत जातो.)

जूनच्या मध्याला पाऊस धरतो आणि काजवे दिसेनासे होतात. टेंट गुंडाळले जातात, पोरं भाताच्या रोपांकडे वळतात. सादड्याखालच्या पाचोळ्यात अंडी असतात, त्यांच्यावर पाणी ठिबकत राहतं. धरण चढतं. आपण जिथे टेंट ठोकला होता तिथे ऑगस्टमध्ये दोन-तीन पुरुष पाणी असतं.

(पाण्यावर पडणारा पाऊस. पडदा हळूहळू काळा होतो.)