जठरातला चिवट जिवाणू आणि एका अक्षराचा शोध

[दृश्य: तबकडीवर पाण्याच्या थेंबांसारख्या बारीक, पारदर्शक वसाहती]

पर्थ, ऑस्ट्रेलिया, १९८२. रुग्णांच्या जठरात दिसणारा एक नागमोडी जिवाणू बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन प्रयोगशाळेत वाढवू पाहत होते. दोन दिवसांत काही दिसलं नाही, की तबकड्या फेकल्या जायच्या. ईस्टरच्या सुट्टीत त्या तशाच राहिल्या, आणि जिवाणू उगवला. हेलिकोबॅक्टर पायलोरी. अल्सरचं आणि जठराच्या कर्करोगाचंही एक मोठं कारण. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

हा जिवाणू आजही तितकाच संथ आहे. त्याला ऑक्सिजन लागतो, पण थोडाच, पाच टक्क्यांच्या आसपास. एंडोस्कोपीत, म्हणजे घशातून नळी घालून, काढलेला जठराच्या अस्तराचा तुकडा वेळेत पोचला नाही, तर जिवाणू वाढतच नाही. वाढला, तर त्यावर अँटिबायोटिकची पट्टी ठेवून पुन्हा वाट पाहायची. आठवडा सहज उलटतो, कधी दोन. म्हणून बहुतेक डॉक्टर अंदाजानेच औषध लिहितात.

आता हा अंदाज वारंवार चुकतो. उपचाराचा कणा होतं क्लॅरिथ्रोमायसिन. याच गटातली औषधं, आपल्या घरोघरी पोचलेलं अ‍ॅझिथ्रोमायसिन त्यातलंच, खोकल्यासाठी आणि घशासाठी सर्रास घेतली गेली. जठरातल्या जिवाणूलाही त्यांची सवय झाली. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या पायलोरीला नव्या औषधांची निकड असलेल्या जिवाणूंच्या यादीत घेतलं.

[दृश्य: पीसीआर यंत्राच्या पडद्यावर दोन उंचवटे, एक डावीकडे सरकलेला]

क्लॅरिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला, चिकटून ते काम थांबवतं. तिथल्या जनुकात २१४२ किंवा २१४३ या जागेवरचं एक अक्षर, म्हणजे डीएनएच्या साखळीतला एक दुवा, बदललं, की औषधाची पकड सुटते. एकच अक्षर! आणि ते वाचायला जिवाणू वाढवावा लागत नाही. तुकड्यातून डीएनए काढायचा, पीसीआरने त्याच्या लाखो प्रती करायच्या, आणि त्या जागेवर चमकणारा छोटा शोधक धागा बसवायचा. मग हळूहळू तापवायचं. अक्षर जुळत नसेल, तर धागा कमी तापमानालाच सुटतो आणि आलेखावरचा उंचवटा सरकतो. काही तासांत उत्तर हातात. शौचाच्या नमुन्यावरही ही तपासणी होते, म्हणजे केवळ एवढ्यासाठी घशातून नळी घालायला नको. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

पायलोरीवरच्या दुसऱ्या एका औषधापाशी, मेट्रोनिडाझोलपाशी, मात्र ही युक्ती अडते. आव झाली की आपण हेच औषध घेत आलो, आणि भारतात त्याला दाद न देणारे पायलोरी भरपूर आहेत. पण तिथे बदल एका ठरावीक जागी होत नाही. आरडीएक्सए जनुकात तो कुठेही सापडतो. त्यासाठी तबकडीवर जिवाणू वाढवणारे हात अजून हवेत, आणि ते कौशल्य प्रयोगशाळांनी मोडीत काढता कामा नये.

अहवालात बदललेलं अक्षर दिसलं, तर डॉक्टर क्लॅरिथ्रोमायसिन वगळून बहुधा बिस्मथ या धातूच्या क्षारासह चार औषधांचा १४ दिवसांचा उपचार देतात. तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जिवाणू खरंच गेला का, ते पाहायचं असतं. बरं वाटलं म्हणून अनेकजण ती टाळतात. कृपया टाळू नका.