आत्महत्येचा दर खरंच घटला, हे कळतं कसं?

नमस्कार. विषय जड आहे. ऐकताना त्रास झाला तर व्हिडिओ खुशाल थांबवा आणि जवळच्या कुणाशी किंवा डॉक्टरांशी बोला.

‘देशात आत्महत्या वाढल्या’ असा मथळा आला की आधी बघायचं: हा आकडा आहे की दर? लोकसंख्या वाढली तर आकडा वाढतोच. म्हणून दर लाख लोकांमागे किती, ते मोजतात. त्यातही एक मेख आहे. आत्महत्येचं प्रमाण वयानुसार बदलतं, त्यामुळे देश म्हातारा होत गेला तर त्यानेही दर हलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सगळ्या देशांना एकच वयरचना लावून तुलना करते. त्या हिशेबाने २००० ते २०१९ मध्ये जगाचा दर ३६ टक्क्यांनी उतरला. अमेरिका खंडांत मात्र तो १७ टक्क्यांनी चढला! नुसती जागतिक सरासरी सांगणाऱ्याला हेही विचारा.

आता नोंदीचं बघू. इंग्लंड आणि वेल्समध्ये मृत्यूची चौकशी होते, मगच नोंद. त्यात कित्येक महिने जातात, म्हणजे यंदाच्या आकड्यात गेल्या वर्षीचे मृत्यूही असतात. २०१८ मध्ये तिथे पुराव्याची अट सैल झाली. ‘निःसंशय सिद्ध’ऐवजी ‘तशी शक्यता जास्त’ एवढं पुरेसं ठरलं. त्याच वर्षी दर वाढला. नियमामुळेच ना? मलाही तसंच वाटलं असतं. पण तपासल्यावर दिसलं, वाढ नियम बदलायच्या आधीच सुरू झाली होती.

याउलट श्रीलंका. १९९५ च्या सुमारास तिथला दर जगातल्या सर्वांत वरच्या दरांपैकी होता. तेव्हापासून सरकारने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढच्या वीस वर्षांत दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. याचं श्रेय बंदीला द्यायचं कशावरून? संशोधकांनी बेरोजगारी, दारू, घटस्फोट, यादवी युद्धाची वर्षं असं सगळं ताडून पाहिलं. घसरणीशी त्यांचा मेळ बसेना. शिवाय विषबाधेने रुग्णालयात येणारे तेवढ्या प्रमाणात घटले नव्हते, पण त्यांतले वाचणारे वाढले होते. आणि बंदीमुळे पिकं बुडतील ही जी भीती होती, तसंही काही झालं नाही.