पायाला भिंगरी: इश स्मिथचे तेरा संघ

[दृश्य: लांब तारेवर ओळीनं टांगलेल्या तेरा जर्सी. कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश सरकतो.]

ह्यूस्टन. मेम्फिस. गोल्डन स्टेट. ऑर्लँडो. मिलवॉकी. फिनिक्स. ओक्लाहोमा सिटी. फिलाडेल्फिया. न्यू ऑर्लिन्स. डेट्रॉइट. वॉशिंग्टन. शार्लट. डेन्व्हर.

या तेराही जर्सी एकाच माणसानं घातल्या. इश स्मिथ. उंची सहा फूट, जागा पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाल रचणाऱ्याची. एनबीए ही उत्तर अमेरिकेतली बास्केटबॉल लीग. तिच्यात संघ तीस. त्यातल्या तेरांचं घर त्यानं आतून पाहिलं. त्याच्याआधीचा विक्रम बारा संघांचा होता आणि तो चौघांत वाटलेला होता: चकी ब्राउन, जिम जॅक्सन, टोनी मॅसेनबर्ग आणि जो स्मिथ.

लहानपणी अंगणात बास्केट लावून कुणी या विक्रमाची स्वप्नं पाहत नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी ही कारकीर्द. पण तेरा दारांतून जो बाहेर पडला, त्याला तेरा दारांतून कुणीतरी आत घेतलं होतं. बाहेर पडणं सगळ्यांनी मोजलं. आत घेणं आम्ही मोजायचं ठरवलं.

[दृश्य: ड्राफ्टची रात्र. उजळलेला मंच, संघांच्या टोप्या, हस्तांदोलनं.]

२४ जून २०१०. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. एनबीएचा ड्राफ्ट, म्हणजे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो सोहळा. दोन फेऱ्या, साठ नावं. पहिलं नाव पुकारलं गेलं जॉन वॉलचं. तोही पॉइंट गार्ड, तोही नॉर्थ कॅरोलायनाचाच. या नावाची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

साठावं नाव झालं, दिवे मंदावले. इश स्मिथचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

त्याचा जन्म नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटचा, १९८८ चा. शाळा शेजारच्या कॉनकॉर्डमध्ये, मग चार वर्षं वेक फॉरेस्ट विद्यापीठ. पॉइंट गार्डसाठी ही जागा साधी नाही. एनबीएच्या इतिहासातला सर्वांत बुटका खेळाडू मग्सी बोग्ज, उंची पाच फूट तीन इंच, याच विद्यापीठातून आला. क्रिस पॉलही इथलाच. इशच्या पायांत वेग होता आणि हातात पास होता. नव्हता तो लांबचा नेम. तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्याचा चेंडू भरवशाचा नव्हता, आणि बास्केटबॉल तर नेमका त्याच दिशेनं निघाला होता. ज्या काळात संघ तीन गुणांच्या फटक्यांवर उभे राहू लागले, त्या काळात हा माणूस पंधरा फुटांवरून उडी मारून चेंडू अलगद सोडत राहिला आणि त्यावर टिकला. त्याचं कौतुक इथेच करून ठेवतो, कारण गुणतक्त्यात ते सापडत नाही.

[दृश्य: सराव शिबिर. एका रेषेत धावणारे खेळाडू, शिट्टीचा आवाज.]

ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही, तरी ह्यूस्टन रॉकेट्सनं त्याला शिबिरात बोलावलं आणि शिबिरानंतर ठेवून घेतलं. फेब्रुवारी २०११ मध्ये शेन बॅटिए या नावाजलेल्या खेळाडूच्या सौद्यात तोही मेम्फिसला गेला. त्याच हंगामात मेम्फिसनं आठव्या मानांकनावरून सॅन अँटोनिओसारख्या पहिल्या मानांकित संघाला घरी पाठवलं. पुढचा हंगाम संघमालक आणि खेळाडूंच्या वादात अडकला आणि नाताळापासून सुरू होऊन ६६ सामन्यांवर आटोपला. त्यात इश आधी गोल्डन स्टेटमध्ये, मग ऑर्लँडोत.

[दृश्य: टेबलावर करारांचे कागद. एक बोट ओळीवरून फिरतं आणि एका तारखेवर थांबतं.]

हे बोट जिथे थांबलंय ती तारीख लक्षात ठेवा. १० जानेवारी.

एनबीएत मोठ्या खेळाडूचा पगार हमीचा असतो. तो खेळो, न खेळो, पैसे मिळतात. बाराव्या, तेराव्या, पंधराव्या जागेवरच्या माणसाचा करार अनेकदा बिनहमीचा असतो. १० जानेवारी उजाडली आणि तुम्ही संघात असलात तर उरलेल्या हंगामाचा पगार पक्का. त्यामुळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संघांचे हिशेब सुरू होतात. ज्याला सोडलं त्याचं नाव ४८ तास सगळ्या संघांपुढे राहतं. त्या वेळात कुणी उचललं तर जुन्या कराराच्या ओझ्यासह उचलायचं, नाही तर माणूस मोकळा. ७ जानेवारीच्या आसपास फोन वाजला की पोटात गोळा का येतो, ते यातून कळेल.

त्याच दिवसांत दहा दिवसांचे करारही सुरू होतात. दहा दिवस किंवा तीन सामने, जे जास्त भरेल ते. एका संघाकडून एका हंगामात असे दोनच. त्यानंतर संघानं एक तर हंगाम संपेपर्यंत ठेवायचं, नाही तर रामराम.

आणि तिसरी गोष्ट अदलाबदलीची. दोन संघ सौदा करतात तेव्हा दोन्ही बाजूंचे पगार सहसा ठरावीक प्रमाणात जुळावे लागतात. मोठी नावं जुळली आणि पगाराचं पारडं जरासं हललं, की ते सारखं करायला एक लहान करार टाकला जातो. त्या लहान करारावर एका माणसाची सही असते. फेब्रुवारी २०१३ मध्ये जे. जे. रेडिकला ऑर्लँडोहून मिलवॉकीला नेणारा सौदा झाला, त्यात इश होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅरन बटलर फिनिक्सहून मिलवॉकीला आला, त्या बदल्यात इश फिनिक्सला गेला. बातमीचा मथळा दोन्ही वेळा दुसऱ्याच नावाचा.

फिनिक्सनं त्या हंगामात ४८ सामने जिंकले आणि तरीही बाद फेरी हुकली. मग पुन्हा ह्यूस्टन, मग ओक्लाहोमा सिटी. फेब्रुवारी २०१५ मध्ये ओक्लाहोमानं त्याला न्यू ऑर्लिन्सला दिलं आणि न्यू ऑर्लिन्सनं लगेच सोडलं. त्या खेपेला तिथली जर्सी अंगावर चढलीच नाही. फिलाडेल्फियानं उचललं. काही महिन्यांनी तो पुन्हा न्यू ऑर्लिन्समध्ये होता, या वेळी खेळायला.

[दृश्य: पांढरा फळा. मार्करचा करकर आवाज. पाच वर्तुळं, बाण, तुटक रेषा.]

या फळ्यापाशी जरा थांबू, कारण इशचं खरं काम इथे आहे.

चेंडू हाती आला की संघाकडे २४ सेकंद असतात. त्यातल्या आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची. म्हणजे पॉइंट गार्ड धावता धावता जे ठरवतो, त्याला दोन-तीन श्वासांचाच वेळ. त्यानं काय ठरवायचं? बाकीचे चौघं कुठे आहेत, कुणाचा बचाव सैल आहे, मागच्या तीन वेळा चेंडू कुणाला मिळालेला नाही, घड्याळ काय म्हणतंय. हे पाहून तो एक खूण करतो. हवेत मूठ, कपाळावर थोपटणं, दोन बोटं. त्या खुणेसरशी पाच माणसं हलतात.

आता फळ्यावरची ही रचना बघा. दोन उंच खेळाडू रिंगसमोर डावी-उजवीकडे, दोन नेमबाज कोपऱ्यांत, मध्ये वर चेंडू घेतलेला गार्ड. शिंगांसारखी दिसते म्हणून हिला हॉर्न्स म्हणतात. तिसही संघ ती खेळतात. पण या रचनेतून पुढे फुटणाऱ्या वाटांना प्रत्येक संघाची आपली नावं, आपल्या खुणा. काल जिथे मूठ म्हणजे उजवीकडून पिक अँड रोल (साथीदाराच्या आडोशानं वाट काढण्याची चाल) होता, तिथे आज मूठ म्हणजे भलतंच काही. बचावाचंही तेच. चेंडूवाल्याला बाजूच्या रेषेकडे ढकलायचं की मध्ये येऊ द्यायचं, हे प्रत्येक प्रशिक्षक वेगळं सांगतो.

रिंगखालच्या उंच खेळाडूला संघ बदलला तर निम्मं काम ओळखीचंच राहतं. चेंडू उसळला, पकड. नेमबाजाचं कोपऱ्यातलं काम बदलत नाही. पॉइंट गार्डला मात्र बाकीच्या चौघांचीही कामं तोंडपाठ लागतात, कारण कुणी चुकीच्या जागी उभा राहिला तर बोट दाखवून हलवायचं त्यालाच. नव्या माणसाला हे आठवड्याभरात, कधी कधी दोन दिवसांत जमवावं लागतं, आणि तेही आपल्याहून कितीतरी मोठी नावं असलेल्यांना बोट दाखवून.

[दृश्य: बेंच. एक खेळाडू जॅकेट काढतो आणि नोंद करणाऱ्यांच्या टेबलापाशी गुडघ्यावर टेकतो. हातांवर जवळून.]

राखीव पॉइंट गार्डची वेळ ठरलेली असते. पहिला गार्ड दमला की साधारण पहिल्या क्वार्टरच्या, म्हणजे पाव सामन्याच्या, अखेरीस हा आत जातो. पाच-सहा मिनिटं. आघाडी असेल तर ती सांभाळायची, पिछाडी असेल तर ती वाढू द्यायची नाही. बाकावर बसून थंड पडलेले पाय आणि तयार प्रतिस्पर्धी. इश आत आला की सर्वांत आधी वेग बदलायचा. रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू, हातात पडताच मान वर, आणि समोरचा बचाव उभा राहायच्या आत चेंडू पलीकडे.

[दृश्य: फिनिक्स, २६ डिसेंबर २०१५. फिलाडेल्फियाचा संघ मैदानात.]

आणि हा तो सामना.

फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स त्या हंगामात पहिले अठरा सामने ओळीनं हरले होते. नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंतची नोंद: एक विजय, तीस पराभव. भविष्यातल्या ड्राफ्टसाठी आजचा संघ मोकळा ठेवायचा, हे तिथलं जाहीर धोरण होतं. संघात उंच, तरुण, गुणी पोरं होती. त्यांच्यापर्यंत चेंडू पोहोचवणारा कुणी नव्हता.

२४ डिसेंबरला फिलाडेल्फियानं न्यू ऑर्लिन्सकडून इशला परत घेतलं. किंमत, दुसऱ्या फेरीच्या दोन ड्राफ्ट निवडी, म्हणजे पुढच्या ड्राफ्टांत दोन खेळाडू निवडण्याचा हक्क. ज्याला पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या फेरीतही कुणी निवडलं नव्हतं, त्याच्यासाठी आता तशा दोन निवडी मोजल्या गेल्या. या चित्रफितीतला हा हिशेब आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो.

दोन दिवसांनी सामना, समोर फिनिक्स, त्याचाच जुना संघ. बघा, चेंडू घेऊन तो उजवीकडे निघतो. पहिला बचावपटू मागे पडतो, दुसरा अंगावर येतो. अशा वेळी चेंडू स्वतः टाकायचा मोह होतो. इश थांबत नाही, थांबल्यासारखं करतो. अर्ध्या पावलाचा फरक. तेवढ्यात रिंगकडे धावणारा साथीदार मोकळा होतो.

[इथे निवेदन नाही. मैदानाचा मूळ आवाज. शेवटी फलक: १११–१०४.]

फिलाडेल्फिया जिंकलं. पुढे त्या हंगामात त्यांचे एकूण विजय दहाच झाले, पराभव ७२. संघ तळालाच राहिला. नर्लेन्स नोएलसारख्या उंच खेळाडूंना मात्र चेंडू जिथे हवा तिथे मिळू लागला.

[दृश्य: डेट्रॉइट. बर्फाचे रस्ते, मग भरलेलं स्टेडियम.]

जुलै २०१६. डेट्रॉइट पिस्टन्स. तीन वर्षांचा करार, १ कोटी ८० लाख डॉलर. सहा वर्षांत नऊ शहरं पालथी घातल्यावर पहिल्यांदा कॅलेंडरचं पान न मोजता खेळण्याची मुभा. पहिला गार्ड रेजी जॅक्सन गुडघ्याच्या दुखण्यानं सुरुवातीचे २१ सामने बाहेर होता, तेव्हा संघ इशनं चालवला. तीनही वर्षं तो तिथेच राहिला.

२०१९ मध्ये वॉशिंग्टनला पॉइंट गार्ड हवा होता, कारण त्यांचा मुख्य गार्ड टाचेच्या स्नायूबंधाच्या दुखापतीनं अख्ख्या हंगामाला मुकणार होता. त्या गार्डचं नाव जॉन वॉल. २०१० च्या रात्रीचं पहिलं नाव. त्याच्या मोकळ्या जागेवर ज्यांना बोलावलं, त्यांत त्या रात्री पुकारला न गेलेला माणूस होता.

मग २०२१ मध्ये शार्लट, स्वतःचं गाव. अर्ध्या हंगामात तिथूनही सौदा, पुन्हा वॉशिंग्टन. जुलै २०२२ मध्ये वॉशिंग्टनहून डेन्व्हर. त्या ऑक्टोबरात डेन्व्हरकडून तो मैदानात उतरला आणि तेरावा संघ झाला.

[दृश्य: डेन्व्हर, १२ जून २०२३. छतावरून पडणारे रंगीत कागदाचे तुकडे.]

डेन्व्हर ९४, मायामी ८९. मालिका ४–१. डेन्व्हरचं पहिलंवहिलं विजेतेपद. निकोला योकिच अंतिम मालिकेचा मानकरी. इश त्या मालिकेत बहुतेक वेळ बाकावर होता. सामना संपल्यावर बाकावरचे सगळे आत धावतात, त्यात पस्तिशीला टेकलेला हा सहा फुटी माणूस शोधा.

[दृश्य: गर्दीत इश. पंधरा सेकंद. निवेदन नाही.]

२०२३ च्या शरद ऋतूत नवा हंगाम सुरू झाला आणि पुन्हा एका संघाला अनुभवी पॉइंट गार्डची गरज पडली.

[दृश्य: पुन्हा ती तार. कॅमेरा या वेळी उजवीकडून डावीकडे येतो. डेन्व्हरच्या जर्सीवरून सरकतो आणि शेजारच्या बाराव्या जर्सीवर थांबतो. एक हात ती हँगरवरून उतरवतो.]

बोलावणं शार्लटचं होतं.