छत्तीसचा रोल

पहाटे कोकण रेल्वेनं कर्नाटकातल्या मुल्कीला उतरलो. आम्ही दोघं, दोन पोरं, सासूबाई आणि माझ्या वडिलांचा जुना रोलचा कॅमेरा, पेंटॅक्स के-१०००. चार दिवसांसाठी २०० आयएसओ संवेदनशीलतेचा, छत्तीस फोटोंचा रोल. एकच.

शांभवी आणि नंदिनी या नद्या इथं एकमेकींना भेटून समुद्रात शिरतात. पलीकडच्या ससिहित्लूच्या किनाऱ्यावर २०१६ मध्ये इंडियन ओपन ही सर्फिंगची स्पर्धा झाली. आमच्या पोरांना मात्र कमरेएवढ्या पाण्यातला फेसच पुरतो. थोरली सर्फिंगच्या फळीवर, म्हणजे बोर्डवर, पालथी पडते, हात मारते, उठते आणि धपकन पडते.

पहिल्याच दिवशी मी ११ फोटो लाटांवर उधळले. वाळूत उभं राहून ५० एमएमच्या लेन्सनं टिपलेला सर्फर म्हणजे निळ्या चादरीवरची माशी! पण हे कळलं रोल धुऊन आल्यावर.

कॅलिफोर्नियातल्या लेरॉय ग्रॅनिसनं हे काम नीट केलं होतं. टेलिफोन कंपनीत नोकरी, त्यात अल्सर. डॉक्टर म्हणाले, काहीतरी छंद लावून घ्या. १९५९ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी त्यानं सर्फर टिपायला सुरुवात केली. पाण्यातच रोल बदलता यावा म्हणून बोर्डला चिकटणारी जलरोधक पेटीही बनवली. त्याच्या लाटा जबरदस्तच. पण खरं सांगू? मी रेंगाळते ती किनाऱ्यावरच्या त्या जुन्या गाड्यांपाशी आणि बोर्ड घेऊन नुसत्याच उभ्या असलेल्या पोरांपाशी.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यातल्या, उजेड मोजणाऱ्या मीटरचा सेल संपला. शटरला सेल लागत नाही, म्हणून वडिलांचा हिशेब लावला: भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६, शटर १/२५० सेकंद.

सासूबाई छत्रीखाली. "झाला का फोटो? दाखव बघू."

"रोल धुतल्यावर दिसेल, आई."

"म्हणजे आमच्या वेळेसारखंच की!" म्हणाल्या आणि पदर सारखा केला. तो आलाय छान.

मग कॅमेरा वाळूकडेच वळला. बोर्डवर मेण घासणारा धाकटा. पंचाशेजारी वाळणारे टी-शर्ट. नीर डोशाची रिकामी ताटली आणि तिच्याकडे बघणारं कुत्रं.

छत्तीस झाले, तरी परतीच्या गाडीत लिव्हर आणखी एकदा फिरला. खिडकीतून येणारा मावळता उजेड, म्हणून शटर संथ, १/१५. सासूबाई स्पष्ट आल्यात. समोर बर्थवर थोरली उभी, लाटेवर तोल कसा सांभाळायचा ते त्यांना दाखवतेय. तिच्या हातांच्या जागी नुसते दोन पांढुरके फराटे.