खाज कुठे सुटते, ते आधी पाहा

मंडळी, विषय आहे लहान चणीच्या कुत्र्यांची न थांबणारी खाज, आणि तिचं कारण कसं शोधायचं. समोर बसलेल्या बहुतेकांच्या घरी असा एक जीव असणार. त्यामुळे मध्यरात्री पलंगाखालून येणारी पायाची ती टकटक कसली, हे मी सांगायला नको. घरातल्या सगळ्यांची झोप मोडते खरी, पण सगळ्यांत जास्त त्या कुत्र्याची मोडते.

माझं म्हणणं एकच आहे आणि संधी मिळेल तिथे मी ते मांडतो. ‘डॉक्टर, याला काय देऊ?’ हा प्रश्न नंतरचा. आधी मला सांगा, तो खाजवतो कुठे? कमरेवर, शेपटीच्या बुडाशी, मांड्यांच्या मागे खाजवत असेल तर मला पहिला संशय पिसवांचा येतो. कानाची कड, कोपर आणि मागच्या पायाचे घोटे असतील तर खरजेच्या किड्यांचा. पंजे, काखा, पोट, तोंडाभोवतीचा भाग, कानाचा आतला भाग असेल तर अ‍ॅलर्जीचा, मग ती हवेतल्या कणांची असो की अन्नाची. बूड जमिनीला घासत असेल तर गुदद्वाराजवळच्या ग्रंथी तपासायच्या. एवढ्यावर निदान होत नाही, पण शोधाला सुरुवात कुठून करायची ते ठरतं.

आणि खाजवणं म्हणजे फक्त मागचा पाय हलवणं नव्हे. चाटणं, चावणं, सोफ्याला तोंड घासणं, ही सगळी खाजच. ‘तो खाजवत नाही हो, फक्त पाय स्वच्छ करत बसतो,’ असं मला फार जण सांगतात. कुत्रा पांढरा असेल तर मी बोटांमधले केस बाजूला करून दाखवतो. ते तांबूस झालेले असतात. लाळेत पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं, त्याचा तो डाग. तासन्‌तास चाटल्याशिवाय असा रंग चढत नाही.

आता पिसवांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण माझी खरी तक्रार इथे आहे. एक बाई त्यांच्या शिह त्झू जातीच्या कुत्र्याला घेऊन आल्या. कितीतरी महिने तो कंबर चावत होता, शेपटीजवळचे केस पार गेले होते. बाईंनी खाणं बदलून पाहिलं, पुन्हा बदललं, सगळ्या पाकिटांची लेबलं एका पिशवीत जपून आणली होती. त्यांची कळकळ पाहून मला भरून आलं. मी पिसवांचं नाव काढलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘आमच्या घरात? रोज फरशी पुसतो आम्ही!’ कुत्र्यालाही सकाळीच आंघोळ घालून आणलं होतं. बारीक दातांचा कंगवा कमरेवरून फिरवला. पिसू एकही नाही. कंगव्यात काळे कण तेवढे आले, मिरपुडीसारखे. ते ओल्या पांढऱ्या कापसावर टाकले, आणि मिनिटभरात प्रत्येक कणाभोवती तांबडं वर्तुळ पसरलं. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. बाई बराच वेळ त्या कापसाकडे पाहत राहिल्या.

पिसवांमुळे सुटणारी अशी खाज म्हणजे त्यांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते. मोजके चावे पुरतात, त्यासाठी अंगावर पिसवांची झुंड असावी लागत नाही. उलट ज्या कुत्र्याला सगळ्यांत जास्त त्रास होतो, तो चाटून-चावून पिसवा स्वतःच काढून टाकतो. म्हणून ‘दिसली नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. अंगावरच्या प्रौढ पिसवा म्हणजे एकूण संख्येच्या जेमतेम ५ टक्के. बाकीची अंडी, अळ्या आणि कोश अंथरुणात, गालिच्यात, सोफ्याच्या फटीत असतात. कोशातली पिसू कित्येक महिने थांबू शकते, ऊब आणि हालचाल जाणवली की बाहेर येते. त्या बाईंच्या घरात एक मांजरही होतं, त्याच गादीवर झोपणारं, अजिबात न खाजवणारं. त्याला कुणी औषध दिलं नव्हतं. घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी, सलग किमान तीन महिने औषध द्यावं लागतं. आणि कृपा करून लक्षात ठेवा, पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराच्या जिवावर बेतू शकतं. मोठ्या कुत्र्याची ट्यूब अर्धी करून लहान कुत्र्यालाही लावू नका. औषध वजनावरच घ्या.

माझी तक्रार या लाजेबद्दल आहे. पिसवा हा घरच्यांच्या स्वच्छतेवरचा ठपका नाही. लाजेपोटी आपण नकार देत राहतो आणि कुत्रा खाजवत राहतो.

मला चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं राहिली. बाकीचं भरभर सांगतो.

खरूज. खाज एकदम सुरू होते आणि भयंकर असते. कानाची कड बोटांत चोळली की मागचा पाय आपोआप हलू लागतो. घरातल्या माणसांच्या हातांवरही पुरळ येऊ शकतं, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्वचा खरवडून तपासली तरी किडे बऱ्याचदा सापडत नाहीत, म्हणून संशयावरूनच उपचार करून पाहतात. त्यातल्या काही गोळ्या फिट येणाऱ्या कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात.

संसर्ग. जिवाणू आणि मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट. तेलकट त्वचा, कुबट वास, पुटकुळ्या. चिकटपट्टी त्वचेवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की कळतं. संसर्ग बहुधा मूळ आजाराच्या मागून येतो, म्हणून तो बरा होऊन पुन्हा होत असेल तर मूळ कारण शोधायचं राहिलं आहे.

अन्न. रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचणीवर पैसे घालवू नका, अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी त्या भरवशाच्या नाहीत. आठ आठवडे ठरवून दिलेला एकच आहार, नंतर जुनं खाणं पुन्हा देऊन खाज परतते का ते पाहणं, हाच मार्ग. हा प्रयोग मोडतो तो बिस्किटाच्या तुकड्याने, नाहीतर मांसाची चव लावलेल्या जंताच्या गोळीने. दर पंधरा दिवसांनी पाकीट बदलण्याला चाचणी म्हणत नाहीत.

हे सगळं वगळल्यावर उरते ती अ‍ॅटोपी, म्हणजे धुळीतले माइट नावाचे सूक्ष्म किडे, परागकण यांची अ‍ॅलर्जी. ती बहुधा तीन वर्षांच्या आत सुरू होते. तिची चाचणी इम्युनोथेरपीची, म्हणजे अ‍ॅलर्जीची सवय लावणारी, लस बनवण्यासाठी असते, निदानासाठी नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने आराम पडतो, आणि त्रासलेल्या कुत्र्याला आराम द्यायलाच हवा. पण आधी तपासणी होऊ द्या, नाहीतर खुणा पुसल्या जातात.

एक शेवटचं, कारण लहान कुत्र्यांचा विषय आहे. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल चालता चालता मानेजवळ पाय हवेतच हलवत असेल, त्वचेला न लावता, तर त्वचेचं औषध शोधू नका. मज्जारज्जूत द्रवाच्या पोकळ्या होण्याचा आजार या जातीत आढळतो. त्यासाठी एमआरआय लागतो.

आता प्रश्न घेऊ या. विचारताना कुत्र्याचं वय, खाज कोणत्या वयात सुरू झाली आणि घरात दुसरे कोणते प्राणी आहेत, एवढं आधी सांगा.