पाय मोडलेला ‘ब’

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. ओळख करून देताना अध्यक्षांनी मला ‘समाजसेविका’ करून टाकलं. ती पदवी मी इथेच परत करते. मी प्रौढांना इंग्रजी लिहा-वाचायला शिकवणारी एक स्वयंसेवक आहे आणि त्यासाठीचं रीतसर प्रशिक्षण मी घेतलंय. आज बोलणार आहे ते त्या प्रशिक्षणाबद्दल. कारण हा विषय काढला की समोरून प्रश्न ठरलेला असतो : इंग्रजी तर आम्हाला येतंच, मग प्रशिक्षण कशाला?

आपल्याला वाचता येतं म्हणूनच. आपली नजर ओळीवरून सरकते आणि अर्थ हाती लागतो. मध्ये काय घडलं, ते आपल्यालाच सांगता येत नाही. प्रशिक्षणात हा मधला भाग उघडून दाखवतात. आम्हाला एका बनावट लिपीतला उतारा दिला होता. नुसत्या रेघा आणि वाटोळी. शेजारच्या गृहस्थांना जमायला लागलं, ते भराभर वाचू लागले आणि माझे कान तापले. गंमत म्हणजे त्यानंतरच्या पाच मिनिटांत मला जे आधी जमत होतं तेही जमेना.

सदिच्छा पुरत नाही, हे ओळखणाऱ्या एका बाईंचं नाव इथे घ्यायला हवं. रूथ कोल्विन. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज भागात ११,००० हून अधिक प्रौढांना कामापुरतंही वाचता येत नाही, हे त्यांनी १९६१ साली वर्तमानपत्रात वाचलं आणि पुढच्या वर्षी घराच्या तळघरातून काम सुरू केलं. शिकवायला तयार असलेल्या बायका मिळाल्या, पण शिकवायचं कसं हे कोणाला ठाऊक होतं? मग बाईंनी वाचनतज्ज्ञांना गाठलं आणि सामान्य माणसाला झेपेल असं प्रशिक्षण तयार केलं. फ्रँक लाउबाक या अमेरिकन मिशनऱ्यांनी फिलिपिन्समध्ये १९३० च्या दशकात ‘एकाने एकाला शिकवावं’ ही मोहीम चालवली होती. त्यांची संस्था आणि कोल्विनबाईंची संस्था २००२ मध्ये एक झाल्या, तीच आजची प्रोलिटरसी ही प्रौढ साक्षरतेची संस्था. बाई २०२४ मध्ये गेल्या, वयाच्या १०७व्या वर्षी.

आता खास आपल्या अडचणीकडे येते. तुम्ही-मी देवनागरीत वाढलेली माणसं. आपल्या व्यंजनात ‘अ’ मुरलेलाच असतो. त्यामुळे ‘बॅट’ हा शब्द फोडून सांगायचा झाला की आपण म्हणतो, ‘ब, अॅ, ट’. शिकणारा बिचारा ते जोडायला जातो आणि त्याच्या हाती भलताच लांबलेला शब्द येतो. प्रशिक्षकांनी आम्हाला अक्षरांचे आवाज आखूड, तोडून म्हणायला लावले, तेव्हा इतर प्रशिक्षणार्थींना ते समजायला वेळ लागला. माझ्या मनात मात्र लगेच पाय मोडलेला ‘ब’ उभा राहिला. ब्, ट्, प्. पूर्णपणे स्वराविना ‘ब्’ म्हणताच येत नाही हे खरं, पण जितका आखूड तितका बरा. इथे शाळेतलं व्याकरण चक्क कामाला आलं.

दुसरी अडचण ‘व’ची. व्ही आणि डब्ल्यू या दोघांना आपण पुष्कळदा एकच ‘व’ देतो. बोलताना निभावून जातं, पण शुद्धलेखनाला बसलेल्या माणसाने आपल्या तोंडून ‘वेस्ट’ ऐकलं तर त्याने कोणतं अक्षर लिहायचं? व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठांचा चंबू. आरशासमोर उभं राहून हे करावं लागतं. घरचे हसतात, हसू द्या. ‘आमचा उच्चार इथल्यासारखा नाही, चालेल का?’ असं पुष्कळ जण विचारतात. चालतो. दोन वेगळे आवाज वेगळे ऐकू आले म्हणजे झालं.

आणि अक्षरं ए, बी, सी या क्रमाने शिकवायची नसतात. फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवण्याच्या, पुष्कळ अभ्यासक्रमांत सुरुवात होते ती एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी. कारण एवढ्यावर ‘सॅट’, ‘पिन’, ‘टॅप’, ‘नॅप’, ‘स्पिन’ असे कितीतरी शब्द जुळतात. पहिल्याच धड्यात माणूस खरा शब्द वाचून उठतो. वर्णमाला पाठ करून उठलेल्याला हा आनंद मिळत नाही.

शिकायला येतं कोण? आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं, प्रत्यक्षात निदान तीन प्रकारची माणसं येतात. एक, ज्यांना कोणतीच लिपी येत नाही. त्यांना पान कोणत्या बाजूने सुरू होतं इथपासून सांगावं लागतं. दुसरी, आपल्या भाषेत उत्तम वाचणारी, पण रोमन लिपी किंवा इंग्रजी भाषा नवी असलेली. तिसऱ्या प्रकाराचं आपल्या लोकांना नेहमी नवल वाटतं : जन्मापासून इंग्रजी बोलणारी, फर्डं बोलणारी माणसं, जी शाळेत जाऊनही वाचायला शिकली नाहीत. काहींना डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन जड जाण्याची अडचण, असतो आणि तो कोणी ओळखलेला नसतो. गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये एक सोपं सूत्र मांडलं : वाचन म्हणजे अक्षरांची उकल गुणिले भाषेची समज. यातला गुणाकार महत्त्वाचा, कारण एक बाजू शून्य असली की उत्तर शून्यच. म्हणून पहिल्या भेटीत शिकवायचंच नाही. शून्य कुठे आहे ते शोधायचं.

प्रौढ माणूस ‘का’ विचारतो. लहान मूल ‘नाइफ’च्या सुरुवातीचा के मुकाट्याने गिळतं. चाळिशीतला माणूस विचारतो, म्हणायचं नाही तर लिहायचं कशाला? ‘इंग्रजी असंच असतं’ हे उत्तर देऊ नका, कारण खरं उत्तर आहे. तो के पूर्वी उच्चारला जायचा. इंग्लंडमध्ये कॅक्स्टन नावाच्या मुद्रकाने १४७६ मध्ये छापखाना आणला, हळूहळू स्पेलिंगं गोठत गेली आणि बोली मात्र बदलत राहिली. त्यात साधारण १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वरांनी आपल्या जागा सोडल्या, म्हणजे त्यांचे उच्चार बदलले. आज २६ अक्षरांवर चव्वेचाळीसच्या आसपास ध्वनींचा भार आहे. हे ऐकल्यावर शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते ना, ती पाहण्यासारखी असते. इतकी वर्षं तो स्वतःला मठ्ठ समजत आलेला असतो.

पुस्तक कोणतं वापरायचं? बालवाडीतलं मुळीच नको. बदकं, फुगे आणि सशाची गोष्ट मोठ्या माणसासमोर ठेवणं हा अपमान आहे. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, बसचं वेळापत्रक, मुलाच्या शाळेतून आलेलं पत्र, कामावरच्या सुरक्षेच्या सूचना, हेच साहित्य. आणखी एक पद्धत मला फार आवडते. शिकणाऱ्याने स्वतःच्या आयुष्यातलं चार-पाच वाक्यांत सांगायचं, आपण ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं आणि तोच त्याचा धडा. आपल्या मनात सुबक वाक्यं तयार असतात, पण लेखणी आवरायची. वाक्य त्याचं राहिलं तरच त्याला पुढचा शब्द ओळखू येतो.

आपल्याला सगळ्यांत कठीण जाणारी गोष्ट म्हणजे गप्प बसणं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणसंशोधक बाईंनी १९७० च्या दशकात शाळेच्या वर्गांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरं लांबली आणि त्यांत विचारही दिसू लागला. प्रौढाला तर त्याहून जास्त वेळ लागतो, कारण तो अक्षराबरोबर लाजेशीही झगडत असतो. तुम्ही मनातल्या मनात आकडे मोजा, पण शब्द पुरवू नका.

आता व्यवहाराचं. आठवड्यात ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जाता येत नसेल तर नाव देऊ नका, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. वर्गाची सवय लागलेल्या माणसाला मध्येच सोडणं हे न शिकवण्यापेक्षा वाईट. आणि सुरुवात घरच्या माणसांपासून करू नका. सासूबाईंना शिकवण्याचा उत्साह इथे बऱ्याच जणांना दिसतोय मला, पण नातं आणि धडा एकाच टेबलावर बसत नाहीत. मंडळातल्या दोन घरांनी वाटल्यास ज्येष्ठांची अदलाबदल करावी. ज्यांना पुढच्या प्रशिक्षणाला यायचंय त्यांनी मध्यंतरात मला गाठा. येताना एवढंच ठरवून या, की आठवड्यातला कोणता दिवस तुमचा खरोखर मोकळा असतो.